कूपर्सटाउनचा उंबरठा: फलंदाज चांगला, पण हॉल ऑफ फेमइतका?

न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन या छोट्या गावात बेसबॉलचे हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचे सन्मान-दालन, आहे. पहिली निवड १९३६ साली झाली. दिग्गज फलंदाज टाय कॉबला २२६ पैकी २२२ मते पडली, तितक्याच नावाजलेल्या बेब रूथला २१५. म्हणजे रूथचे नाव न लिहिणारेही ११ जण निघाले! नियमात खेळाडूची कामगिरी, कौशल्य, सचोटी, खिलाडूवृत्ती, चारित्र्य आणि संघासाठीचे योगदान पाहावे, एवढेच म्हटले आहे. किती हिट (चेंडू मारून सुखरूप बेस, म्हणजे मैदानावरच्या चार थांब्यांपैकी एक, गाठणे) किंवा किती होम रन (एकाच फटक्यावर चारही बेस फिरून धाव) हवेत, हे त्यात कुठेच नाही.

मतदानाची रीत मात्र काटेकोर आहे. खेळाडू किमान १० मोसम खेळलेला आणि निवृत्त होऊन ५ वर्षे झालेला हवा. मत देतात ते बेसबॉल लेखक संघटनेचे किमान १० वर्षे सदस्य असलेले पत्रकार. एका मतपत्रिकेवर जास्तीत जास्त १० नावे लिहिता येतात. ७५ टक्के मते मिळाली की प्रवेश, ५ टक्क्यांच्या खाली गेला की पत्रकारांच्या यादीतून नाव कायमचे बाद. पूर्वी नाव १५ वर्षे राहायचे, २०१४ पासून १०च. त्यानंतर उरते ती १६ जणांची समिती, तिथे १२ मते लागतात.

नियमात आकडा नसल्याने लोकांनीच ठरवला: ३००० हिट किंवा ५०० होम रन म्हणजे प्रवेश पक्का. उत्तेजक औषधांच्या काळाने हा हिशेबही मोडला. राफाएल पाल्मेरोकडे दोन्ही होते, तरी चाचणीत दोषी ठरलेला हा फलंदाज २०१४ साली ४.४ टक्क्यांवर यादीतून गेला.

खरी गफलत त्याहून जुनी, बॅटिंग ॲव्हरेजमधली. हे माप रुजवणारा हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडचा, आधी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा. क्रिकेटमध्ये धावांना बाद झालेल्या डावांनी भागतात. इथे हिटना ॲट-बॅटनी (मारायला मिळालेल्या पाळ्यांनी) भागतात आणि वॉक, म्हणजे चार वाईट चेंडू सोडल्यावर फुकट मिळणारा पहिला बेस, ना वर मोजतात ना खाली. त्यामुळे चेंडू पारखून सोडणाऱ्या, वर्षाला १०० वॉक घेणाऱ्या फलंदाजाच्या पदरात काहीच पडत नाही. वॉक धरून फलंदाज किती वेळा बेसवर पोचला ते सांगणारी ऑन-बेस टक्केवारी अधिकृत आकडेवारीत आली ती थेट १९८४ साली. असाच फलंदाज एडगर मार्टिनेझ: त्याचे हिट २२४७, होम रन ३०९. दोन्ही जादुई आकड्यांपासून दूर, शिवाय बहुतेक कारकीर्द क्षेत्ररक्षण न करणाऱ्या ‘नियुक्त फलंदाजा’ची. त्याची ०.४१८ ही ऑन-बेस टक्केवारी मतदारांच्या गळी उतरायला दहावे, शेवटचे वर्ष उजाडले: २०१९.

सरासरीची दुसरी खोट काळाची. १९३० मध्ये दोन मुख्य लीगपैकी एक असलेल्या अख्ख्या नॅशनल लीगची सरासरी ०.३०३ होती. १९६८ मध्ये दुसऱ्या, अमेरिकन लीगमध्ये कार्ल यास्ट्रझेम्स्की ०.३०१ मारून लीगमध्ये पहिला आला! चेंडू टाकणारे पिचर इतके वरचढ झाले होते की १९६९ साली ते उभे राहतात तो उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणावा लागला. १९३० सालचा ‘तीनशेचा फलंदाज’ (०.३०० सरासरीचा) म्हणजे त्या लीगमधला सरासरी माणूस. हे न पाहता जुनी आकडेवारी वाचली की चूक ठरलेलीच. १९७० च्या आसपास जुन्या खेळाडूंचा विचार करणाऱ्या समितीत माजी खेळाडू फ्रँकी फ्रिश बसला आणि त्या धावांच्या सुकाळातले त्याचे जुने सहकारी एकामागून एक आत आले. त्यातला जॉर्ज केली १९७३ चा: १७७८ हिट, १४८ होम रन. आणि एकदा केली आत आला की ‘तो आहे, मग हा का नाही?’ हा युक्तिवाद कुणासाठीही चालवता येतो.

त्यावर आकडेवारीचा अभ्यासक बिल जेम्सने १९८५ मध्ये १५ प्रश्नांची यादी काढली, क्लीव्हलंडचा तिसऱ्या बेसवरचा केन केल्टनर याच्या नावाने. हा आपल्या काळात त्या जागेवरचा सर्वोत्तम होता का? संघातला तरी सर्वोत्तम होता का? ऐन भराचा काळ संपल्यावरही तो नेमाने खेळत राहिला का? गुण द्यायचे नाहीत, उत्तरे वाचून मत बनवायचे. पुढे बेसबॉल लेखक जे जॅफीने आकडेमोडीची पद्धत दिली: संपूर्ण कारकिर्दीचा वॉर, म्हणजे सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा किती सामने जास्त जिंकून दिले तो अंदाज, आणि सर्वोत्तम ७ मोसमांचा वॉर, या दोहोंची सरासरी काढायची. मग ती त्याच जागेवरच्या हॉलमधल्या खेळाडूंशी ताडायची. दुसरा भाग महत्त्वाचा: शॉर्टस्टॉपकडून (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडून) आणि पहिल्या बेसवाल्याकडून बॅटिंगची अपेक्षा एकच नसते.

लॅरी वॉकर घ्या. तो ज्या संघाकडून गाजला त्याचे गाव डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंच, विरळ हवेत चेंडू लांब जातो. तिथल्या कूर्स फील्डवर त्याची सरासरी ०.३८१. ‘मैदानाने घडवलेला फलंदाज’ म्हणत २०१४ साली मतदारांनी त्याला १०.२ टक्के दिले. पण मैदान आणि काळ यांचा हिशेब धरूनही तो लीगच्या सरासरीपेक्षा सुमारे ४१ टक्के वरचढ ठरतो. जॅफीच्या मापात त्याचा आकडा ५८ च्या पुढे, हॉलमधल्या त्याच्याच जागेवरच्या, राइट फील्डरांची सरासरी ५७ च्या आसपास. २०२० साली, शेवटच्या संधीत, त्याला ७६.६ टक्के मिळाले: हवी होती त्याहून ६ मते जास्त.

हॅरोल्ड बेन्सच्या नावावर २८६६ हिट, वॉकरपेक्षा सातशेहून अधिक. पण तो २२ मोसम खेळला आणि जॅफीच्या मापात जेमतेम ३० वर थांबतो. पत्रकारांनी त्याला कधी ६.१ टक्क्यांच्या वर नेले नाही. डिसेंबर २०१८ मध्ये समितीने त्याला लागत होती तेवढीच १२ मते देऊन आत घेतले. त्या १६ जणांत त्याचा जुना मॅनेजर आणि जुन्या संघाचा मालक दोघेही होते. हल्ली वाद घालताना केलीऐवजी बेन्सचे नाव घेतात.