तडजोडीचा शिक्का : बिघडलेल्या सिबिलमागची पार्श्वभूमी

कर्ज थकते, वसुलीचे फोन येतात, घरी माणसे येतात, आणि शेवटी बँकेशी तडजोड होऊन ठरलेली रक्कम एकरकमी भरली जाते. कर्जदाराला वाटते की प्रकरण मिटले. दोन-तीन वर्षांनी तो घरासाठी किंवा मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला जातो, तेव्हा शाखेतला अधिकारी संगणकाकडे पाहून ‘सिबिलला सेटल्ड दिसतंय’ (म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत तडजोडीची खूण आहे) एवढेच सांगतो आणि अर्ज बाजूला ठेवतो. बिघडलेली पत सावरण्याविषयी जो सल्ला सर्वत्र दिला जातो (हप्ते वेळेवर भरा, कार्डाची मर्यादा पूर्ण वापरू नका), तो चुकीचा नाही. परंतु हा एक शब्द कुठून आला आणि त्याचे वजन कोणी ठरवले, हे कळल्याशिवाय तो सल्ला अपुरा राहतो. म्हणून या टिपणात त्या शब्दाला अधिक जागा दिली आहे.

कर्जदाराची नोंद ठेवणारा आणि कर्जदार यांच्यातला तंटा आपल्याकडे जुना आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, ती मुख्यतः कर्जरोखे आणि वह्या ताब्यात घेऊन जाळण्यासाठी. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने न्यायालयांना रोख्यावरील आकड्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला आणि भरलेल्या रकमेची पावती व हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क कर्जदाराला दिला. आपल्याविषयी काय लिहून ठेवले आहे हे पाहण्याचा आणि ते चूक असल्यास दुरुस्त करून घेण्याचा प्रश्न पुढे सव्वाशे वर्षांनी संगणकाच्या पडद्यावर पुन्हा आला.

आजच्या व्यवस्थेची सुरुवात १९९९ मध्ये देशाच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे रिझर्व्ह बँकेने, नेमलेल्या कार्यगटापासून झाली. त्याच्या शिफारशीनंतर २००० मध्ये मुंबईत देशातील पहिली पतमाहिती कंपनी (कर्जफेडीची माहिती जमवून बँकांना पुरवणारी) स्थापन झाली. तिच्या इंग्रजी नावाचे संक्षिप्त रूप म्हणजेच सिबिल, आणि आज ते कंपनीचे नाव न राहता ‘त्याचं सिबिल खराब आहे’ असे सामान्यनाम झाले आहे. व्यक्तींच्या कर्जांची माहिती तिच्याकडून बँकांना मिळू लागली ती २००४ पासून. ग्राहकाची माहिती गुप्त ठेवणे ही बँकेची जबाबदारी असल्याने कायदा होईपर्यंत ती कर्जदाराची लेखी संमती घेऊनच कंपनीला देता येत असे, आणि ज्याने आधीच कर्ज थकवले आहे तो अशी संमती कशाला देईल, ही अडचण होती. पतमाहिती कंपन्यांविषयीचा २००५ चा कायदा १४ डिसेंबर २००६ रोजी अमलात आला आणि माहिती देणे बँकांना बंधनकारक झाले. कर्जदाराची पत दाखवणारा ३०० ते ९०० या टप्प्यातला गुणांक बँकांच्या हाती २००७ मध्ये आला. तो सामान्य कर्जदाराला स्वतःला पाहता यायला मात्र २०११ उजाडले. ज्या अंकावरून आपल्याला नकार मिळतो तो अंक एवढ्या काळात आपल्यालाच दिसत नव्हता, याचा उल्लेख या विषयावरच्या लेखांत क्वचित आढळतो.

२०१० मध्ये आणखी तीन कंपन्यांना परवाने मिळाले. एका बँकेने माहिती एकीला द्यावी आणि दुसरीला देऊ नये, त्यामुळे एकाच माणसाच्या चार अहवालांत चार चित्रे दिसावीत, असा गोंधळ अनेक वर्षे चालला. जानेवारी २०१५ मध्ये सर्व कर्जदात्या संस्थांनी चारही कंपन्यांचे सभासद व्हावे असा आदेश निघाला. १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असेही ठरले. चूक शोधायची तर चारही अहवाल मागवावे लागतात, एकट्या सिबिलचा पुरत नाही, हे आजही पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

अहवाल हातात आला की नजर आधी अंकावर जाते, पण वाचायचा असतो तो खालचा तक्ता. प्रत्येक कर्जखात्यापुढे गेल्या ३६ महिन्यांचे चौकोन असतात. हप्ता वेळेवर गेला असेल तर त्या महिन्याच्या चौकोनात तीन शून्ये किंवा ‘एसटीडी’ अशी अक्षरे दिसतात. उशीर झाला असेल तर हप्ता किती दिवस थकला आहे तो आकडा, ०३०, ०६०, ०९० असा चढत जातो. नव्वद दिवस ओलांडले की ते खाते बँकेच्या लेखी अनुत्पादक होते आणि चौकोनात ‘सब’ किंवा ‘डीबीटी’ अशी खूण दिसू लागते. ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेने कळवलीच नाही. तो कर्जदाराचा दोष नव्हे. महिने सरत जातात तसे जुने चौकोन तक्त्यातून बाहेर पडतात आणि नवे आत येतात, आणि पत सावरते म्हणजे प्रत्यक्षात मोठ्या अंशी एवढेच घडते. खात्याची स्थिती सांगणारा शब्द मात्र या चौकोनांच्या बाहेर, स्वतंत्र रकान्यात असतो आणि तो महिन्यांबरोबर पुढे सरकत नाही. ‘सेटल्ड’ हा शब्द याच रकान्यात येतो.

या रकान्यात मुख्यतः तीन शब्द आढळतात आणि मराठीत त्यांची सरमिसळ होते. ‘क्लोज्ड’ म्हणजे मुद्दल, व्याज आणि दंड सगळे फिटून खाते बंद झाले. ‘सेटल्ड’ म्हणजे बँकेने येण्यापैकी काही भाग सोडून दिला आणि उरलेला रोखीने घेऊन खाते मिटवले. ‘रिटन ऑफ’ (निर्लेखन) म्हणजे बँकेने आपल्या ताळेबंदातून ते कर्ज वगळले. या तिसऱ्या शब्दाने सर्वाधिक नुकसान केले आहे. वर्तमानपत्रांत निर्लेखन आणि माफी हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले गेले, त्यामुळे ज्याचे कर्ज निर्लेखित झाले त्याचा समज होतो की बँकेने ते सोडून दिले आणि आता देणे उरले नाही. वस्तुतः निर्लेखन ही बँकेची हिशेबातली सोय आहे. कर्जदाराचे देणे तसेच राहते, वसुलीही चालू राहते, आणि अहवालात ती खूण तडजोडीपेक्षाही वाईट मानली जाते. उलट ज्याने तडजोड केली त्याच्याकडून कायद्याने काही येणे उरत नाही, तरी त्याच्या नावापुढे अपुऱ्या परतफेडीची खूण राहते. एकाचे देणे शिल्लक आणि दुसऱ्याचे संपलेले, पण कर्ज मागायला गेल्यावर दोघांनाही जवळपास सारखाच नकार मिळतो. थकलेल्या माणसाला तडजोड करण्याचे जे कारण असते, तेच यामुळे अर्धे निघून जाते.

तडजोडीच्या वेळी हे सांगितले जात नाही, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी उणीव हीच आहे. वसुलीचे काम बहुधा बाहेरच्या संस्थेकडे असते आणि रक्कम लवकर हाती येणे हे तिचे उद्दिष्ट असते. सव्वा लाख येणे असेल तर ‘साठ हजार भरा, फाईल क्लोज करून देतो’ असे फोनवर म्हटले जाते. ‘क्लोज’ हा शब्द तोंडी येतो, पण हाती येणाऱ्या पत्रात ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असे छापलेले असते, आणि दोन्हींमधला फरक अहवालात उतरतो. आपल्याकडे सहकारी सोसायट्यांमुळे ‘बेबाकी दाखला’ (देणे उरले नसल्याचा दाखला) हा शब्द खेड्यापाड्यांत माहीत आहे. परंतु तडजोडीनंतरचा दाखला आणि पूर्ण परतफेडीनंतरचा दाखला यांवर मथळा एकच असू शकतो, म्हणून खाते कोणत्या शब्दाने कळवले जाणार आहे हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारणे आवश्यक ठरते. जो जामीन राहिला त्याच्या अहवालातही हे खाते दिसते. सोयरिकीखातर किंवा शेजारधर्मासाठी सही केलेल्या माणसाला ते बहुधा स्वतःच्या कर्जाच्या वेळीच कळते.

याच संदर्भात ८ जून २०२३ रोजी मध्यवर्ती बँकेने तडजोड आणि तांत्रिक निर्लेखन यांविषयी जी चौकट जाहीर केली, ती वादाची ठरली. तिच्यात दोन्ही शब्दांच्या व्याख्या प्रथमच नीट शेजारी शेजारी मांडल्या गेल्या. तडजोड मंजूर करणारा अधिकारी मूळ कर्ज मंजूर करणाऱ्यापेक्षा किमान एक पायरी वरचा असावा, आणि तडजोड केलेल्या कर्जदाराला त्याच संस्थेने किमान १२ महिने नवे कर्ज देऊ नये, अशा अटी घातल्या. शेतीकर्जाला या बारा महिन्यांच्या अटीतून वगळून तो निर्णय बँकांच्या धोरणावर सोडला. परंतु त्याच परिपत्रकाने हेतुपुरस्सर कर्ज बुडवणाऱ्यांशी आणि फसवणूक म्हणून नोंदलेल्या खात्यांशीही, त्यांच्यावरील फौजदारी कारवाई चालू ठेवून, तडजोड करता येईल असे म्हटले. बँक कर्मचारी संघटनांनी तीव्र विरोध केला. प्रामाणिकपणे हप्ते भरणाऱ्याला यातून चुकीचा संदेश जातो, असे त्यांचे म्हणणे होते. दोन आठवड्यांच्या आत मध्यवर्ती बँकेने खुलासा केला की ही तरतूद नवी नाही, तडजोड हा कर्जदाराचा हक्क नाही आणि अशा थकबाकीदारांवरचे आधीचे निर्बंध कायम आहेत.

खुलासा तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल. तरीही चर्चा जवळजवळ सगळी मोठ्या थकबाकीदारांभोवती फिरली आणि बारा महिन्यांच्या अटीचा लहान कर्जदाराशी असलेला संबंध दुर्लक्षित राहिला. बारा महिने ही किमान मर्यादा होती, तीही तडजोड करणाऱ्या संस्थेपुरती. त्यानंतर नोंद पुसावी किंवा तिचा रंग फिका करावा, असे त्यात कुठेही नव्हते. ‘वर्षभर थांबा, मग सगळे मोकळे होते’ असा समज मात्र पसरला. तसाच दुसरा समज सात वर्षांचा. पतमाहिती कंपन्यांनी माहिती किमान सात वर्षे जपून ठेवावी, असे नियम सांगतात; सात वर्षांनी ती काढून टाकावी, असे सांगत नाहीत. तिसरा समज मुदतीच्या कायद्याचा : दाव्याची तीन वर्षांची मुदत उलटली की बँकेला न्यायालयात जाणे अवघड होते हे खरे, पण त्याने देणे मिटत नाही आणि अहवालातली खूणही जात नाही.

मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांत महासाथीमुळे हप्त्यांना स्थगिती मिळाली, तेव्हा या काळातल्या न भरलेल्या हप्त्यांचा अहवालावर परिणाम होऊ नये असे ठरले होते. संकट कर्जदाराच्या हाताबाहेरचे असेल तर नोंद वेगळी ठेवता येते, हे तेव्हा व्यवस्थेने स्वतःच मान्य केले. आजारपण, नोकरी जाणे, गारपीट यांना ही सवलत एरवी मिळत नाही. महाराष्ट्रात २०१७ च्या योजनेत दीड लाखांपर्यंतचे आणि २०१९ च्या योजनेत दोन लाखांपर्यंतचे थकीत शेतीकर्ज माफ झाले. २०१७ मध्ये दीड लाखांच्या वर थकबाकी असणाऱ्यांना वरची रक्कम स्वतः भरून एकरकमी तडजोडीत यावे लागले. पुढे नव्या पीककर्जासाठी सिबिल विचारले जाऊ लागले तेव्हा राज्य शासनाने बँकांना, पीककर्जासाठी ही अट लावू नका, असे पुन्हा पुन्हा बजावले. एकदाच सांगून ते भागले नाही, यावरून गावपातळीवर काय चालते याची कल्पना येते.

सावरण्याच्या मार्गात खरा बदल झाला तो अलीकडच्या दोन-तीन वर्षांत. ऑक्टोबर २०२३ च्या आदेशानुसार चुकीची नोंद दुरुस्त करण्याची तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. बँकेने २१ दिवसांत सुधारित माहिती पाठवली नाही तर भार तिच्यावर, आणि तिने पाठवूनही कंपनीने विलंब केला तर तो कंपनीवर. ही तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना माहिती महिन्याऐवजी दर पंधरवड्याला कळवणे बंधनकारक झाले, त्यामुळे थकबाकी भरल्यावर ती अहवालात दिसण्यासाठी पूर्वीइतकी वाट पाहावी लागत नाही. पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याला केवळ पूर्वेतिहास नाही म्हणून नाकारू नये, असेही सांगितले गेले, आणि कर्जासाठी किमान गुणांकाची कोणतीही अट मध्यवर्ती बँकेने घातलेली नाही, असे २०२५ मध्ये संसदेत स्पष्ट करण्यात आले. कर्जासाठी किमान ७५० गुणांक हवा, हा आकडा बँकांनी आपापल्या सोयीने रूढ केलेला आहे.

‘सेटल्ड’ची नोंद ‘क्लोज्ड’ करून घेण्याचा मार्ग आजही एकच : तडजोडीत सोडलेली रक्कम पुन्हा बँकेकडे जाऊन भरायची, तिने ती स्वीकारावी यासाठी अर्ज करायचा, नवा दाखला घ्यायचा आणि पुढच्या दोन-तीन पंधरवड्यांनंतर चारही अहवाल तपासायचे. बँकेने ती रक्कम स्वीकारलीच पाहिजे, असे कोणत्याही नियमात नाही. ज्यांना हे परवडत नाही, ते मुदतठेवीवर मिळणारे कार्ड किंवा सोन्यावरचे लहान कर्ज घेऊन तक्त्यात तीन शून्यांचे नवे चौकोन भरू लागतात; जुना शब्द त्याच पानावर, बाजूच्या रकान्यात, तसाच असतो.