लाखेची डाळ आणि लुळे पडणारे पाय: एका बंदीमागचा इतिहास

गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या धानपट्ट्यात जिला लाख, लाखोळी किंवा लाखोरी म्हणतात, तीच मध्य प्रदेश-छत्तीसगडात तिवडा आणि उत्तरेत खेसारी. वनस्पतिशास्त्रातलं नाव लॅथिरस सॅटायव्हस. देशाच्या अन्नकायद्याने 1961 पासून या डाळीच्या विक्रीला मनाई केली आहे, आणि तरीही कितीतरी घरांत तिचं वरण, वडे आणि कोवळ्या शेंड्यांची भाजी होत आली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या, हे कळायला या डाळीचा प्रवास थोडा मागून पाहावा लागतो.

सुरुवात शेतापासून करू, कारण पाय लुळे पाडणाऱ्या रोगाचं मूळही तिथेच आहे. धान कापणीला साधारण दोन-तीन आठवडे असताना उभ्या पिकातच, बांधीतल्या ओलीवर लाखेचं बी फेकून देतात. याला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, खत नाही, पाण्याची पाळी नाही. धान निघालं की उरलेल्या ओलाव्यावर लाख वाढते. पाणी तुंबलं तरी तग धरते, पुढे पाऊस पडलाच नाही तरी दाणा देते. वर दाण्यात प्रथिनं पाव हिश्शाहून जास्त. म्हणजे बाकी सगळं बुडालं की शेतात उरते ती लाख. गरिबाला ती तारते आणि तीच पांगळं करते, ती याच एका गुणामुळे.

या डाळीने पाय लुळे पडतात, ही शंका जुनी आहे. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिसच्या नावावरच्या ग्रंथांत थ्रेसमधल्या ऐनॉस गावची नोंद सापडते: सतत कडधान्यावर राहिलेल्यांचे पाय दुबळे झाले. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात ‘त्रिपुट’ या कडधान्याला माणसाला लंगडं आणि पांगळं करणारं म्हटलं आहे. 1671 मध्ये जर्मनीतल्या व्युर्टेंबर्गच्या ड्यूकने पावात लाखेचं पीठ घालण्यावर बंदी आणली. स्पेनमध्ये 1811-12 च्या माद्रिदच्या दुष्काळात लोक याच पिठाच्या लापशीवर जगले. चित्रकार गोयाने त्यावर कोरलेल्या चित्रात लापशीभोवती जमलेल्यांच्या पायाशी एक बाई आडवी पडलेली दिसते.

भारतातली सर्वांत नेमकी जुनी नोंद मात्र डॉक्टरची नाही, विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याची आहे. मध्य प्रदेशातल्या सागर भागातल्या एका गावाबद्दल तो वर्षवार हिशेब देतो. 1829 मध्ये गहू गारपिटीने गेला. 1830 मध्ये वेळेवर पाऊस नाही. 1831 मध्ये गव्हावर रोग पडला. या तिन्ही वर्षी गव्हात आपोआप उगवणारा, एरवी गुरांना टाकला जाणारा तिवडा मात्र जोमाने आला. लोकांनी 1831 मध्ये त्याचं भरघोस पीक काढलं आणि त्या व पुढच्या वर्षांत दाणा स्वतः खाल्ला, गुरांना फक्त पाला-काड्या दिल्या. 1833 पासून तिशीच्या आतल्या मुलामुलींचे कमरेखालचे अवयव अचानक निकामी होऊ लागले. 1833 आणि 1834 या दोन वर्षांत गावातली जवळपास निम्मी तरुण पिढी या रोगात सापडली.

या नोंदीत रोगाचं सगळं गणित आलं आहे. इतर पीक नाही, तिवडा हेच मुख्य अन्न, आणि तेही महिनोन्‌महिने. पुढच्या शतकभरात वैद्यकाने यात तपशील भरले, चौकट बदलली नाही. 1860 च्या सुमारास अलाहाबादचे सिव्हिल सर्जन जेम्स आयर्व्हिंग यांनी त्या जिल्ह्यातल्या रुग्णांचा अभ्यास केला. 1870 च्या दशकात इटलीत नेपल्सच्या अर्नाल्डो कांतानी यांनी रोगाला ‘लॅथिरिझम’ नाव दिलं. मध्येच एक चुकीची वाटही लागली. 1925 मध्ये काही संशोधकांनी दोष खेसारीचा नसून तिच्यात मिसळणाऱ्या अकटा नावाच्या रानटी दाण्याचा आहे, असं मांडलं. हे पटण्याजोगं होतं, कारण तोच दाणा खाऊन अनेकजण ठणठणीत दिसत होते. किती खाल्लं आणि सोबत काय खाल्लं, हा प्रश्न मात्र बाजूला पडला.

त्या प्रश्नाचं उत्तर एका छळछावणीने दिलं, कोणी मागितलं नसताना. 1942-43 च्या हिवाळ्यात युक्रेनमधल्या व्हाप्नियार्का छावणीत रुमानियन प्रशासनाने ज्यू कैद्यांना जनावरांसाठीचे हेच दाणे खायला घातले. मिठाच्या पाण्यात शिजवलेले रोज सुमारे 400 ग्रॅम दाणे आणि सोबत भुसा मिसळलेल्या सातूच्या पावाचे सुमारे 200 ग्रॅम. काही आठवड्यांतच कैद्यांचे पाय आखडायला लागले. कैद्यांपैकीच एक असलेले डॉक्टर आर्थर केसलर यांनी रोग ओळखला आणि कैद्यांनी ते अन्न नाकारलं. तोवर शेकडोंना बाधा झाली होती. त्यांतल्या वाचलेल्यांपैकी अनेक जण पुढे आयुष्यभर काठीवर चालले.

मध्य प्रदेशातल्या रीवा-सतना भागात पन्नास-साठच्या दशकांत जे दिसलं ते याहून फार वेगळं नव्हतं, फक्त तारेचं कुंपण नव्हतं. शेतमालकाकडे बांधील असलेल्या मजुराला मजुरी धान्यात मिळे आणि त्या धान्यात खेसारीचा वाटा मोठा असे. गहू मालकाच्या कोठारात, खेसारी मजुराच्या टोपलीत. रोग तरुण पुरुषांत जास्त दिसे. जमीनदाराच्या घरात तो जवळपास नसेच. अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत 1961 मध्ये खेसारीच्या विक्रीला बंदी आली ती या पार्श्वभूमीवर. ती लागू करणं राज्यांवर सोडलं होतं. जिथे हे पीक सर्वांत जास्त, त्या मध्य प्रदेश, बिहार आणि पश्चिम बंगालने ती लागूच केली नाही. शिवाय बंदी विक्रीवर होती, पेरणीवर नाही. ज्याला खेसारी मजुरीत मिळत होती तो ती विकत घेतच नव्हता. कायद्याने दुकानदार पकडला, मजुराचं ताट जसंच्या तसं राहिलं. आमच्या मते या बंदीचं सर्वांत मोठं अपयश हेच.

नेमकं विष सापडलं बंदीनंतर तीन वर्षांनी. 1964 मध्ये बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये राव, अडिगा आणि सरमा यांनी दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळं काढलं. त्याच वर्षी दिल्लीतल्या संशोधकांनीही ते शोधलं. आज त्याला ओडॅप म्हणतात. चेतापेशी एकमेकींशी बोलायला ग्लुटामेट वापरतात. ओडॅप त्याचंच सोंग घेऊन त्याच्या जागी जाऊन बसतं आणि पेशीला इतकं चेतवतं की ती मरते. मेंदूकडून पायांना हुकूम नेणाऱ्या पेशींना हा मार सर्वाधिक बसतो. म्हणून रोगी शुद्धीत असतो, बुद्धी शाबूत, त्वचेला स्पर्श कळतो, पण पोटऱ्या ताठतात, चवडे टेकत चालावं लागतं, पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. पहिला झटका अनेकदा कष्टाच्या कामानंतर किंवा थंडी-पावसात भिजल्यावर अचानक येतो. पुढच्या पायऱ्या डॉक्टर काठीने मोजतात: बिनकाठी, एक काठी, दोन काठ्या, आणि शेवटी जमिनीवर बसून हातांनी सरकणं. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, त्यामुळे औषधाने रोगी पूर्ववत होत नाही. खाणं वेळेत थांबवलं तर रोग आहे त्या पायरीवर थांबण्याची शक्यता असते, एवढंच.

आकडे पाहा. जुन्या गावठी वाणांत ओडॅप साधारण अर्धा टक्का किंवा त्याहून जास्त सापडतं. अशा दाण्याचे 400 ग्रॅम म्हणजे दिवसाला दोन ग्रॅम विष. त्याच डाळीचं वरण भातावर घेतलं आणि एका माणसाच्या वाट्याला 30 ग्रॅम डाळ आली, तर 150 मिलिग्रॅम. रोजच्या जेवणाचा तिसरा हिस्सा किंवा अधिक लाखेतून येऊ लागला आणि असं दोन-तीन महिने चाललं, की धोका खरा होतो, असा अनेक साथींचा अनुभव आहे. भाताचा फायदा केवळ प्रमाण कमी होण्यापुरता नाही. लाखेत मेथिओनिन आणि सिस्टीन ही गंधकयुक्त अमिनो आम्लं तुटपुंजी असतात, आणि शरीराला विषाचा मारा सोसायला तीच लागतात. तांदूळ-गव्हात ती प्रथिनांच्या मानाने बरी असतात. इथिओपियात नव्वदच्या दशकातल्या साथीनंतर झालेल्या पाहणीत हेच दिसलं: नुसते उकडलेले, भाजलेले किंवा कच्चे हिरवे दाणे खाणाऱ्यांना धोका जास्त, तृणधान्यात मिसळून खाणाऱ्यांना कमी.

एक दुष्टचक्र इथे लक्षात घ्यायला हवं. पाऊस कमी झाला की रोपात ओडॅप वाढतं. म्हणजे ज्या वर्षी माणूस लाखेवरच राहणार, त्याच वर्षीची लाख अधिक विषारी.

विष पाण्यात विरघळतं, आणि स्वयंपाकघरातला सगळा उपाय यावर उभा आहे. डाळीच्या किमान चौपट पाणी उकळायचं, त्यात डाळ टाकून तासभर ठेवायची, ते पाणी पूर्ण ओतून द्यायचं, डाळ धुवायची आणि नव्या पाण्यात शिजवायची. यात विषाचा मोठा भाग निघून जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने साठच्या दशकात याच धर्तीच्या सोप्या पद्धती सुचवल्या होत्या, उकडा तांदूळ करतात तसं अख्खा दाणा उकडून वाळवण्याचीही. अडचण अशी की या पाण्यासोबत ब जीवनसत्त्वंही जातात, आणि जळणाच्या टंचाईत दोनदा पाणी उकळणं प्रत्येक घराला परवडत नाही. चुकतं कुठे, तेही ठरलेलं आहे. कुकरमध्ये शिट्ट्या करून तेच पाणी आमटीत ठेवलं तर फारसं काही साधत नाही. दाणे भाजून खाल्ले तर विष थोडंच कमी होतं. पीठ करून वडे-भजी केली तर पाणी ओतायची सोयच उरत नाही. कोवळ्या शेंड्यांतही ओडॅप असतं, तेव्हा लाखोळीची भाजी उकडून पाणी पिळून काढायची जुनी रीत सोडू नये.

दुसरी वाट बियाण्याची. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा पुसा-24 हा वाण ओडॅप 0.2 टक्क्यांवर आणणारा. त्यातूनच पुढे रतन निघाला, छत्तीसगडात प्रतीक आणि महातिवडा आले. या तिघांत प्रमाण 0.1 टक्क्याच्या खाली आहे. विदर्भात नागपूरहून बंदीविरुद्ध दीर्घ आंदोलन झालं. इथे लाख भातासोबत खाल्ली जाते आणि कुणी पांगळं दिसत नाही, हा त्याचा मुख्य युक्तिवाद होता. 2008 मध्ये महाराष्ट्राने राज्यातली बंदी उठवली. 2016 मध्ये कमी विषाच्या तिन्ही वाणांच्या जोरावर देशपातळीवरही बंदी शिथिल करण्याची चर्चा झाली. आंदोलनाचा मुद्दा पोकळ नाही, पण तो भात ताटात असेपर्यंतच खरा आहे.

नव्या वाणांची दुखरी बाजू मधमाश्या. लाख बहुतांशी स्वतःच्याच परागावर फळते, तरी कीटकांमुळे काही प्रमाणात संकर होतोच. बांधाला लागून गावठी लाख असेल तर घरचं बी जपणाऱ्याचा रतन काही हंगामांत मिसळतो आणि विषाचं प्रमाण पुन्हा चढतं. दाणा पाहून ते ओळखता येत नाही, प्रयोगशाळाच लागते. त्यामुळे ठरावीक वर्षांनी खात्रीचं नवं बी घ्यावं आणि शेजारच्या बांधीतही तोच वाण असावा, हे पाळावं लागतं.

शहरातल्या ग्राहकाचा संबंध वेगळ्या दाराने येतो, तुरीच्या डाळीत आणि बेसनात होणाऱ्या भेसळीतून. अख्खा लाखेचा दाणा कोनदार, एका बाजूने चपटा असतो. तूर आणि हरभरा गोलसर. डाळ भरडली की ओळख अवघड, पिठात अशक्य. बेसनाची जुनी चाचणी अशी: त्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून उकळत्या पाण्यावर पंधरा मिनिटं ठेवायचं, गुलाबी रंग चढला तर खेसारीचा संशय. आम्ल घालताक्षणीच, गरम न करता गुलाबी झालं, तर ती खेसारी नव्हे, मेटॅनिल यलो हा बंदी असलेला रंग असण्याची शक्यता जास्त.