टूर द डोनट

टूर द डोनट : सायकल चालवणे आणि डोनट (मैद्याचे तळलेले गोड कडे) खाणे या दोन्हींवर मिळून निकाल ठरणारी अमेरिकेतील हौशी शर्यत. इलिनॉय राज्यात, सेंट लुईस शहरापासून साधारण ६५ किलोमीटरवर असलेल्या स्टॉन्टन या लहानशा गावात ती १९८९ साली सुरू झाली. ‘टूर द फ्रान्स’ या जगप्रसिद्ध सायकल शर्यतीवरून गमतीने तिचे हे नाव ठेवले गेले. कोणत्याही सायकल महासंघाची मान्यता तिला नाही. घट्ट जर्सी घालून रेसिंग सायकलवर येणारे असतात, तसेच घरातली साधी सायकल घेऊन येणारेही असतात.

स्टॉन्टनचा परिसर मका आणि सोयाबीनच्या शेतांचा, बराचसा सपाट. या शेतांमधल्या रस्त्यांवरून सुमारे ५० किलोमीटरचा मार्ग आखतात. वाटेत दोन ठिकाणी डोनटचे थांबे असतात, त्यामुळे शर्यतीचे आपोआप तीन टप्पे पडतात. थांब्यावर उतरायचे, हवे तितके डोनट खायचे आणि पुन्हा सायकलवर बसायचे. खाण्याची सक्ती नाही. मात्र खाल्लेल्या प्रत्येक डोनटमागे स्पर्धकाच्या एकूण वेळेतून ५ मिनिटे वजा होतात. उरते ती ‘सुधारित वेळ’.

शर्यतीचा सगळा जीव या ५ मिनिटांत आहे. खऱ्या टूर द फ्रान्समध्येही वेळेची सूट असते, पण ती टप्प्याच्या शेवटी पहिल्या तिघांना अनुक्रमे १०, ६ आणि ४ सेकंदांची. इथे एका डोनटला ३०० सेकंद मिळतात. ५० किलोमीटर ताशी ३० च्या वेगाने कापायला १०० मिनिटे लागतात, ताशी ३५ ने सुमारे ८६. ही १४ मिनिटे वाचवणे सोपे नाही. वेग वाढतो तसा हवेचा विरोध झपाट्याने वाढतो आणि तेवढ्या फरकासाठी पायांना जवळपास दीडपट जोर लावावा लागतो. त्यासाठी कित्येक महिन्यांचा सराव हवा. तीन डोनट मात्र १५ मिनिटे मिळवून देतात. एक डोनट संपवायला एक मिनिट लागले तरी चार मिनिटे पदरात पडतात. म्हणजे खाण्याचा वेग डोनटमागे ५ मिनिटांच्या आत आहे तोवर थांब्यावर उभे राहणे फायद्याचेच. सावकाश चालवत १३० मिनिटांत पोहोचलेल्या माणसाने १२ डोनट खाल्ले असतील तर त्याची सुधारित वेळ ७० मिनिटे भरते, आणि ८६ मिनिटांत आलेला, काहीही न खाल्लेला पट्टीचा सायकलपटू मागे पडतो. खाणारा फारच भारी असेल तर उत्तर शून्याच्याही खाली जाते : निघण्याआधीच पोहोचल्याची नोंद!

शर्यतीतला डोनट म्हणजे यीस्टने फुगवलेल्या मैद्याचे तळलेले कडे, वर साखरेच्या पाकाचा पातळ थर. बालूशाहीवरचा पाक आठवावा, मात्र आतला भाग खुसखुशीत नसून पावासारखा मऊ. अशा एका मध्यम डोनटमध्ये सुमारे २०० कॅलरी, २० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके आणि १० ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो. दहा-बारा डोनट म्हणजे दोन हजारांहून अधिक कॅलरी. ५० किलोमीटर सायकल चालवताना सर्वसाधारण माणूस खर्च करतो त्याच्या जवळजवळ दुप्पट.

पण खरी अडचण कॅलरींची नाही, पोटाची आहे. जोरात सायकल चालवताना रक्ताचा मोठा वाटा पायांच्या स्नायूंकडे वळतो आणि पचनसंस्थेला कमी मिळतो. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन प्रकारच्या साखरा एकत्र घेतल्या तरी सरावलेल्या सायकलपटूचे शरीर सामान्यतः तासाला ९० ग्रॅमच्या आसपासच कर्बोदके वापरू शकते. त्याहून जास्त खाल्लेले पोटात पडून राहते. त्यात तळणीतले तेल जठर रिकामे होण्याची गती आणखी मंद करते. म्हणून दुसऱ्या थांब्यानंतरचा तिसरा टप्पा सर्वांत कठीण. तिथे पहिल्या दोन टप्प्यांतली हाव अंगाशी येते. अनुभवी स्पर्धक खाण्याची विभागणी आधी ठरवून येतात, घास पाण्याबरोबर उतरवतात आणि थांब्यावरून निघाल्यावर काही वेळ हलक्या गिअरवरच राहतात. घाईत कोरडा घास घशात अडकणे हा इथला सगळ्यात गंभीर धोका आहे. मधुमेह असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय यात उतरू नये.

ही कल्पना स्टॉन्टनबाहेरही रुजली. ओहायोमध्ये आर्केनम येथे आणि पुढे ट्रॉय शहरात याच नावाची शर्यत भरू लागली. युटामधील अमेरिकन फोर्क येथे लांब मार्गाऐवजी फेऱ्या मारतात आणि फेऱ्यांच्या मधे खातात. उत्तर कॅरोलायनातील रॅले शहरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २००४ मध्ये सुरू केलेली क्रिस्पी क्रीम चॅलेंज ही जवळची बहीण म्हणता येईल, पण ती पायी आहे : अडीच मैल धावायचे, बारा डोनट खायचे, अडीच मैल परत धावायचे, सगळे एका तासात. पोटाच्या दृष्टीने ती जास्त कठीण मानावी लागेल, कारण धावताना पोट प्रत्येक पावलाला हिंदकळते. सायकलवर कमरेवरचा भाग बऱ्यापैकी स्थिर राहतो.

महाराष्ट्रात शाळांच्या क्रीडादिनी दोरीला टांगलेले बिस्कीट तोंडाने पकडून खाण्याची शर्यत असते आणि सावकाश सायकलची शर्यतही असते, पण दोन्ही वेगवेगळ्या. पुण्या-नाशिकचे सायकलस्वार रविवारी पहाटे निघून वाटेत मिसळीवर ताव मारतात. त्या मिसळीची मिनिटे कोणी मोजत नाही.