पार्श्वभूमी: सजीवांच्या पेटंटचे काम आणि पेटंट एजंट

लॉ फर्ममध्ये जैवतंत्रज्ञान शिकलेला पेटंट एजंट, म्हणजे पेटंटचे अर्ज लिहून ते पेटंट कार्यालयापुढे चालवणारा माणूस, असणे आज स्वाभाविक वाटत असले, तरी भारतात पंचवीस वर्षांपूर्वी या कामाला कायद्यात फारशी जागा नव्हती. 1970 च्या पेटंट कायद्यानुसार औषध व अन्न यांच्या बाबतीत पेटंट केवळ तयार करण्याच्या प्रक्रियेला मिळे, पदार्थाला नव्हे. आणि जिच्या अखेरीस सजीव वस्तू हाती येते ती प्रक्रिया ‘उत्पादन’ ठरत नाही, म्हणून तिला पेटंट नाही, अशी पेटंट कार्यालयाची भूमिका होती.

हा तिढा सुटला तो कोंबड्यांच्या एका लशीमुळे. पोल्ट्रीवाले ज्या रोगाला गंबोरो म्हणून ओळखतात, त्यावरील लस बनवण्याच्या प्रक्रियेसाठी एका परदेशी कंपनीने केलेला अर्ज, लशीत जिवंत विषाणू राहतो या कारणास्तव फेटाळला गेला. 15 जानेवारी 2002 रोजी कोलकात्यातील न्यायालयाने हा नकार रद्द करून अर्जाचा फेरविचार करण्यास सांगितले. ‘उत्पादन’ या शब्दाची व्याख्या कायद्यात नाही, अंतिम वस्तू सजीव असू नये असेही तो कोठे म्हणत नाही, आणि प्रक्रियेतून विकण्याजोगी वस्तू निघत असेल तर ते उत्पादनच होय, असे या निकालाचे सूत्र आहे. विक्रीयोग्यतेची ही कसोटी फार सैल आहे, असा आक्षेप घेता येतो. तरीही निकाल योग्यच होता, कारण जी बंदी संसदेने घातली नाही ती कार्यालयाने अर्थ लावण्याच्या मिषाने घालावी, हे मान्य होण्यासारखे नव्हते. मात्र हा निकाल सजीवांना पेटंट देणारा म्हणून सांगितला जातो, ते बरोबर नाही. न्यायालयापुढे प्रश्न प्रक्रियेचा होता.

त्याच वर्षी संसदेने केलेल्या आणि मे 2003 मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने वनस्पती, प्राणी, त्यांचे भाग, बियाणे आणि (संकरासारख्या) मूलतः जैविक प्रक्रिया पेटंटबाहेर ठेवल्या, सूक्ष्मजीवांना मात्र या बंदीतून वगळले. ‘सूक्ष्मजीव’ म्हणजे काय, हे सांगायचे राहूनच गेले. प्रयोगशाळेत वाढवलेली पेशी सूक्ष्मजीव मानायची की प्राण्याचा भाग, यावर क्लेमचे, म्हणजे कशावर हक्क हवा हे सांगणाऱ्या अर्जातील दाव्याचे, भवितव्य ठरू लागले आणि क्लेमची शब्दरचना करणाऱ्याला जीवशास्त्र येणे ही गरज झाली. शब्दांत पुरेसे वर्णन न होणारा नवा जिवाणू अर्जाच्या तारखेपर्यंत मान्यताप्राप्त संग्रहात जमा करावा लागतो. असे संग्रह चंडीगड आणि पुणे येथे आहेत. जैविक सामग्री कोठून आली हेही अर्जात नमूद करावे लागते, आणि ती भारतातील असल्यास 2002 च्याच जैवविविधता कायद्याच्या अटीही पाहाव्या लागतात. जानेवारी 2005 पासून औषधांच्या पदार्थालाही पेटंट मिळू लागल्यावर हे काम झपाट्याने वाढले.

एजंट कोणी व्हावे, हा वाद याच काळातला. विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी अनिवार्य झाली. नंतर 2005 च्या दुरुस्तीने वकिलांना परीक्षेविना मिळणारी नोंदणीही काढून घेतली. 2013 मध्ये चेन्नईतील न्यायालयाने ही कपात घटनाबाह्य ठरवली, आणि विज्ञानाची पदवी असलेल्या वकिलांना तो मार्ग पुन्हा खुला केला. उलट, वकील नसलेल्या एजंटचा अधिकार पेटंट कार्यालयापुढील कामापुरताच राहिला. अर्ज नाकारला गेला की अपील उच्च न्यायालयात जाते, तेथे वकीलपत्र दुसऱ्याचे लागते; त्यामुळे जीवशास्त्राचा माणूस आणि वकील एकाच फर्ममध्ये, एकाच फाइलवर काम करताना दिसतात.