पावती फाडली म्हणजे हिशेब दिला असं होत नाही

"पावती दिलीय की सगळ्यांना!"

शाळेतल्या मुलांसाठी गोळा केलेल्या पैशाचं पुढं काय झालं, असं कुणी विचारलं की कोल्हापुरात हे उत्तर हमखास येतं. मी निवेदक आहे. गेली पंधरा वर्षं शाहू स्मारक भवनापासून तालमीच्या मांडवापर्यंत माईक हातात धरतोय आणि अशा पैशासाठी लोकांना हाक घालणारा आवाज बऱ्याचदा माझाच असतो. म्हणून हे उत्तर मला टोचतं. विचारणाऱ्यानं हिशेब विचारलेला असतो, समोरचा पावती दाखवतो आणि दोघंही समाधानानं चहा प्यायला जातात.

पावतीबद्दल फार लिहीत नाही. गणपती जवळ आले की पावतीपुस्तक घेऊन पोरं दारात उभी राहतात, त्यामुळं नंबर, स्थळप्रत, सही, रक्कम अक्षरी आणि अंकी हे सगळं इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पैसे दिले, ते पोचले, एवढंच पावती सांगते. जुन्या करप्रणालीत देणगीवरची आयकर सवलत, जिला लोक ८०-जी म्हणतात, ती घेणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात: रोख २,००० रुपयांच्या वर दिलेल्या देणगीवर ती मिळत नाही आणि पुस्तकं, दप्तरं अशा वस्तू दिल्या तर त्यावरही मिळत नाही. नोंदणी नसलेल्या मंडळाला जाहीर वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढावी लागते आणि नंतर जमाखर्च सादर करावा लागतो, हे पेठेतल्या कार्यकर्त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोड मांडवात चिकटवून मुलांच्या नावावर पैसे घेणाऱ्याच्या कार्यक्रमाला मी उभा राहत नाही. त्यानं पावती दिली तरी नाही.

घोळ होतो तो हिशेबाशी आल्यावर.

आपल्याकडं हिशेब म्हटला की जमाखर्च डोळ्यांसमोर येतो. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च, खाली शिल्लक आणि खजिनदाराची सही. मंडळांच्या वार्षिक अहवालात मागच्या पानांवर तो छापलेला असतो: मूर्ती इतके, मंडप इतके, वीज इतकी, महाप्रसाद इतका. तो पुरतो, कारण वर्गणी मागताना "गणपती बसवायचाय" असं म्हटलेलं असतं आणि गणपती बसलेला सगळ्या पेठेनं पाहिलेला असतो. काम डोळ्यांसमोर झालं, आता फक्त पैसे कुठं कुठं गेले तेवढं सांगायचं राहिलं. हीच सवय आपण शिक्षणाच्या मदतीला लावतो आणि तिथं ती चुकते. मूल वाचायला लागलं का, हे पेठेला दिसत नाही. दात्याला दिसत नाही. कधी कधी त्याच्या आईवडिलांनाही दिसत नाही, कारण त्यांनाच वाचता येत नाही. तिथं जमाखर्च कितीही चोख ठेवला तरी मूळ प्रश्न तसाच राहतो.

माझं म्हणणं एका ओळीत सांगता येतं: ज्या शब्दांत मागितलं, त्याच शब्दांत हिशेब द्यायला हवा. "शाळेला पाचशे पुस्तकं घ्यायची आहेत" असं म्हणून पैसे मागितले असतील तर पाचशे पुस्तकांचं बिल दाखवा, हिशेब पूर्ण झाला. पण "तुमच्या मदतीनं ही मुलं वाचायला लागतील" असं म्हणून मागितले असतील, तर वर्षानं किती मुलं वाचायला लागली तेच सांगावं लागेल. मागताना मूल आणि सांगताना पुस्तक, असं चालत नाही. दुकानदारानं किलोवर पैसे घेऊन पिशव्या मोजून दिल्या तर आपण भांडायला उठतो. इथं मात्र टाळ्या वाजवतो.

हे मला उशिरा कळलं, आणि ते जिथं कळलं ती जागा सांगतो. करवीर तालुक्यातली एक शाळा. तिच्यासाठी मी एका कार्यक्रमात शब्द टाकला होता. "एक मूल वाचतं करायला तुमचे शंभर रुपये पुरतील," असं मी माईकवरून म्हणालो होतो. सभागृह भरलेलं होतं, लोकांनी भरभरून दिलं, आयोजकांनी प्रत्येकाला पावती दिली आणि पुस्तकं शाळेत पोचली. फोटो आले, वर्तमानपत्रात बातमी आली. पुढच्या वर्षी त्याच कामासाठी पुन्हा आवाहन करायचं ठरलं, तेव्हा कार्यक्रमाआधी मी सहज शाळेत जाऊन आलो.

कपाटाला कुलूप होतं. किल्ली सापडायला वेळ लागला. आतले काही गठ्ठे अजून प्लास्टिकमध्येच होते, काही पुस्तकं मात्र वापरलेली दिसत होती. बाईंनी तिसरीतल्या एका मुलीला बोलावलं आणि पाठ्यपुस्तकातली कविता वाचायला सांगितली. तिनं बोट ठेवून, चालीवर, एकही अक्षर न अडखळता कविता म्हटली. मी खूश झालो. बाई झाल्या नाहीत. त्यांनी मधल्या ओळीतल्या एका शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "आता फक्त एवढाच वाच." मुलगी गप्प झाली. मग तिचे ओठ हलायला लागले. ती कविता पहिल्यापासून मनातल्या मनात म्हणत होती, त्या शब्दापर्यंत पोचायला. पोचली आणि मोठ्यानं म्हणाली, "पाऊस." बरोबर होतं. बाईंनी तोच शब्द पाटीवर लिहिला. मुलीनं पाटीकडं पाहिलं. "प… पला काना पा…" आणि तिथंच थांबली. तो ऊ तिला कवितेबाहेर भेटलाच नव्हता.

बाई माझ्याकडं वळून म्हणाल्या, "सर, पुस्तकं आणलासा, लई बरं केलासा. पण ही पोरगी वाचत न्हाई, तिला पाठ हाय."

पाठ असणं आणि वाचता येणं हे दुरून अगदी सारखंच दिसतं. बोट ओळीवरून फिरतं, पान उलटतं, आवाज खणखणीत येतो. आमच्या कार्यक्रमात स्टेजवर येऊन दोन ओळी वाचून दाखवणारं मूल बऱ्याचदा असंच असतं, आणि आम्ही त्यालाच पुरावा म्हणून उभं करतो. त्या दिवसापासून मी स्टेजवर मुलाकडून वाचून घेत नाही. चार दिवस घोटून आणलेल्या ओळीतून कुणालाच काही कळत नाही, आणि मूल अडखळलं तर त्याची शोभा होते.

मग मोजायचं कसं? हे अवघड आहे असं भासवणारे बरेच भेटतात. ते तितकं अवघड नाही. 'असर' ही ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी २००५ पासून घरोघरी जाऊन हेच मोजते. एका कागदावर थोडी सुटी अक्षरं, थोडे सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मुलाला एकट्याला बसवायचं, घाई करायची नाही आणि ते जिथपर्यंत आरामात वाचतं तिथं खूण करायची. एका मुलाला काही मिनिटं पुरतात. २०२४ च्या असरनुसार ग्रामीण भारतात पाचवीतल्या ४८.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलं त्या गोष्टीपर्यंत पोचलेली नाहीत, आणि आपण त्यांच्या हातात जाड पुस्तकं देऊन फोटो काढतोय. पैसे गोळा करण्याआधी एकदा आणि वर्ष संपताना एकदा अशी खूण केली की दात्याला सांगायला खरी गोष्ट हातात येते. ती कधी चांगली नसेल. तरी सांगायची.

ग्रंथालयात काम केलेल्या माणसाला हा फरक समजवावा लागत नाही. १८५० पासून चालत आलेलं करवीर नगर वाचन मंदिर आपल्या गावात आहे. कोणत्याही ग्रंथालयात पुस्तक आलं की ते दाखल होतं आणि त्याला क्रमांक पडतो. ही झाली पावती. पण ते पुस्तक कोणी नेलं, कधी आणून दिलं आणि पुन्हा कोणी नेलं, हे देवघेवीच्या नोंदीत कळतं. शाळेला पुस्तकं देणाऱ्यांनी वर्षानं जाऊन देवघेवीची वही मागावी. कोरी असेल तर रागवू नये, पण पुढची पुस्तकं देण्याआधी थांबावं.

आता आवाजाबद्दल, कारण माझ्या धंद्यातली माणसं इथं सगळ्यात जास्त चुकतात. "आम्ही फक्त आवाहन केलं, पैशाचं संस्थेला विचारा," असं निवेदक म्हणतात, कीर्तनकार म्हणतात, पैलवान म्हणतात, नट म्हणतात. पावतीच्या बाबतीत ते खरं आहे. पैसे संस्थेनं घेतले, पावती संस्थेनंच द्यायची. हिशेबाच्या बाबतीत मात्र मला हे मान्य नाही. लोकांनी पैसे त्या संस्थेकडं बघून दिलेले नसतात, बऱ्याचदा तिचं नावही त्यांनी पहिल्यांदाच ऐकलेलं असतं. दिलेले असतात तुमच्या शब्दावर. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत चेहरा देणाऱ्यालाही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यातून सुटायचं तर आपण आधी खातरजमा केली होती हे त्याला दाखवावं लागतं. साबणासाठी एवढी अपेक्षा असेल, तर मुलाच्या नावानं मागताना आपण स्वतःहून तेवढं तरी करावं. संस्थेचा मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण झालेला ताळेबंद बघायला मागणं म्हणजे संशय घेणं नव्हे. नोंदणीकृत न्यासाला तो दरवर्षी करावाच लागतो. दाखवायला जे कचरतात त्यांना मी आता नम्रपणे नाही म्हणतो.

मुलांच्या फोटोंबद्दलही सांगतो. बॅनरसमोर रांगेत उभी केलेली, हातात दप्तर घेतलेली, "धन्यवाद काका" म्हणायला लावलेली मुलं मला बघवत नाहीत. दप्तर पोचलं याचा पुरावा दुकानाच्या बिलात आहे, त्यासाठी मुलाचा चेहरा कशाला? आणि ते मूल उपकार घेत नाहीये. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. मुलाला शिकवणं हे राज्याचं काम आणि मुलाला शाळेत पाठवणं हे पालकाचं कर्तव्य, अशी ती मांडणी होती. त्यात दया कुठंच नव्हती. १ एप्रिल २०१० पासून ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला देशभर मोफत शिक्षणाचा कायद्यानं हक्क आहे. म्हणून "बिचारी", "गरीब लेकरं" हे शब्द मी संहितेतून खोडतो. आयोजक नाराज होतात. त्यांना वाटतं, डोळ्यांत पाणी आल्याशिवाय खिशात हात जात नाही. माझा अनुभव वेगळा आहे: कामाचं नीट सांगितलं की कोल्हापूरचा माणूस देतो, आणि पुढच्या वर्षी विचारायलाही येतो.

गेल्या हंगामात हे प्रत्यक्ष करून पाहिलं. कारखान्याच्या आसपास ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुलं जवळच्या शाळेत बसतात, त्यांच्यासाठी एक तरुणांचा गट संध्याकाळी खोप्यांवर जाऊन शिकवणार होता. मी आवाहन केलं ते याच शब्दांत: "बावीस मुलं आहेत. आज त्यातली चारच गोष्ट वाचू शकतात. मार्चमध्ये किती वाचतात ते याच स्टेजवरून सांगेन." पैसे नेहमीपेक्षा थोडे कमी जमले. मार्चमध्ये मी पुन्हा उभा राहिलो. खर्चाचा कागद दारातच लावला होता, तो वाचला नाही. मुलांचं तेवढं सांगितलं: अकरा मुलं गोष्ट वाचतात, पाच परिच्छेदापर्यंत आली आहेत, तीन शब्दांवर आहेत.

मागच्या रांगेतले एक आजोबा उठले. ते दरवर्षी येतात. म्हणाले, "अकरा, पाच आणि तीन. एकोणीस झाले. तीन कुठं गेली?"

ती तीन मुलं फेब्रुवारीतच आईवडिलांबरोबर बीडकडं परत गेली होती. टोळीचं काम लवकर आटोपलं होतं. गाव बदलणाऱ्या मुलाला पुढच्या शाळेत बसता यावं म्हणून शाळा शिक्षण हमी कार्ड देते, त्या कार्डाबरोबर आम्ही एक चिठ्ठी दिली होती, कोण कुठपर्यंत वाचतं हे लिहिलेली. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, ती चिठ्ठी तिथल्या गुरुजींच्या हातात पडली का?

मी म्हटलं, अजून विचारलेलं नाही. तीन गावं आहेत, दोन शाळांचे नंबर मिळालेत.