सतीश आळेकर पूर्णवेळ नाटकवाले कधी झाले?

आळेकर पहिल्यापासून नाटकावरच जगले, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. ते जीवरसायनशास्त्राचे एमएस्सी, पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात त्यांनी अनेक वर्षं नोकरी केली. जुन्या स्मशानातच जाळा असा हट्ट धरून स्वतःच्याच मरणाचं कीर्तन करणारा भाऊराव ज्यात आहे, ते १९७४ चं ‘महानिर्वाण’ हे नाटक त्यांनी लिहिलं आणि बसवलं ते याच काळात. १९७९ चं ‘बेगम बर्वे’सुद्धा. (माझ्या मते ते त्यांचं सर्वांत हळवं नाटक.) थिएटर अ‍ॅकॅडमी या त्यांच्या नाट्यसंस्थेच्या तालमी नोकरी सांभाळूनच व्हायच्या. नाटक हाच पेशा झाला तो १९९६ मध्ये, पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे, म्हणजे नाटक-संगीत-नृत्य शिकवणाऱ्या विभागाचे, प्रमुख झाल्यावर. तोवर ही दोन्ही नाटकं मराठी रंगभूमीवर केव्हाच रुजली होती.