खाते लॉक, लिनक्समधील

ठरावीक वेळा चुकीचा पासवर्ड दिला गेल्यास त्या खात्याचे लॉगिन काही काळ अडवणारी व्यवस्था. हे काम कर्नलचे नसून पॅम या प्रमाणीकरण-चौकटीतील मॉड्यूलचे असते. पॅमची कल्पना सन मायक्रोसिस्टिम्सच्या विपिन समर व रोलंड शेमर्स यांनी १९९५ मध्ये मांडली.

सध्याचे प्रचलित मॉड्यूल पॅम_फेललॉक. लिनक्स-पॅमच्या १.४.० आवृत्तीत ते आले, म्हणून त्याचा काळ २०२० असा दिला जातो. मात्र रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या सहाव्या आवृत्तीत ते बऱ्याच आधीपासून होते. उगम तेथे धरणे अधिक सयुक्तिक. आधीची पॅम_टॅली व पॅम_टॅली२ ही मॉड्यूल १.५.० मध्ये वगळली गेली. टॅली२ सर्वांची मोजणी एकाच फाइलीत ठेवी. फेललॉक प्रत्येक वापरकर्त्याची फाइल वेगळी ठेवते व तिची मालकी त्याच वापरकर्त्याकडे असते, त्यामुळे रूट (सर्वाधिकारी खाते) अधिकार नसलेल्या स्क्रीनलॉकमधूनही नोंद होऊ शकते.

फेललॉक.कॉन्फ या मांडणी-फाइलीत काही बदलले नाही, तर १५ मिनिटांच्या आत ३ चुका झाल्यास खाते १० मिनिटे बंद राहते. रूट यातून वगळलेला असतो. पॅमच्या फाइलीत ओळींचा क्रम निर्णायक ठरतो: खाते लॉक आहे का ते पाहणारी ‘प्रीऑथ’ची ओळ पासवर्ड तपासणाऱ्या मॉड्यूलच्या आधी, चूक नोंदवणारी ‘ऑथफेल’ची नंतर. ‘प्रीऑथ’ राहून गेल्यास चुका मोजल्या जातात, पण बऱ्याच मांडण्यांत योग्य पासवर्ड देणारा लॉक असूनही आत येतो. रेड हॅट गटातील लिनक्समध्ये ही मांडणी हाताने न करता ऑथसिलेक्ट या साधनाकडून करून घेणे इष्ट. एसएसएच (दूरस्थ लॉगिन) किल्लीने, म्हणजे पासवर्डाविना येणारा, पॅमच्या ऑथ (ओळख-तपासणी) टप्प्यातून जातच नाही. त्याला हा अडसर लागत नाही.

किती चुका चालाव्यात व लॉकची मुदत किती असावी, याबाबत एकमत नाही. कार्ड-व्यवहारांच्या सुरक्षेचे मानक पीसीआय डीएसएस ४.०.१ जास्तीत जास्त १० प्रयत्न आणि किमान ३० मिनिटे सांगते. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक-संस्थेची ८००-६३बी ही मार्गदर्शिका १०० प्रयत्नांपर्यंत मोकळीक देते. मुदत शून्य ठेवल्यास खाते व्यवस्थापकाने उघडेपर्यंत बंदच राहते. तेव्हा केवळ वापरकर्तानाव ठाऊक असलेला कोणीही मुद्दाम चुका करून खऱ्या मालकाला बाहेर ठेवू शकतो. म्हणून आपोआप सुटणारा, थोड्या मुदतीचा लॉक अधिक ग्राह्य वाटतो. नोंदी मुळात /व्हार/रन/फेललॉक येथे असल्याने मशीन रीबूट होताच सहसा पुसल्या जातात. त्या टिकवायच्या असल्यास ‘डिर’ पर्यायाने जागा बदलावी लागते.

लॉक काढण्यासाठी फेललॉक आज्ञेला वापरकर्त्याचे नाव व ‘रिसेट’ हा पर्याय देतात. पासडब्ल्यूडी या पासवर्ड बदलण्याच्या आज्ञेने केलेला लॉक निराळा. एकाची आज्ञा दुसऱ्याला लागू पडत नाही.